आरएसएची सिद्धता पाठ आहे, पण लिहिता येत नाही: एका विद्यार्थिनीला उत्तर

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, दहावीपर्यंत मराठी माध्यम. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या पेपरात ‘आरएसएमध्ये उलगडलेला संदेश हा मूळ संदेशच असतो, हे सिद्ध करा’ असा ८ गुणांचा प्रश्न आला. (आरएसए म्हणजे संदेशाला संख्यांचं कुलूप लावायची एक रीत.) तू ऑयलरचं प्रमेय वापरून पाच ओळींत सिद्धता लिहिलीस. ३ गुण मिळाले आणि समासात शेरा होता, ‘सहमूळ नसेल तर?’ (सहमूळ म्हणजे ज्यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही अशा दोन संख्या.) तू दोन गोष्टी विचारल्यास. गुण कापले ते बरोबर होतं का? आणि पुस्तकात वाचताना प्रत्येक ओळ पटते, पण कोरा कागद समोर आला की पहिली ओळही सुचत नाही, म्हणजे यासाठी उपजत हुशारीच लागते का?

मी हा विषय २१ वर्षं शिकवते आहे, आणि वयाने लहान आहेस म्हणून एकेरीतच लिहिते.

गुणांचं आधी सांगते, कारण ते परिस्थितीवर अवलंबून आहे. काही अभ्यासक्रमांत प्रश्नातच ‘संदेश आणि न या संख्या सहमूळ आहेत असे माना’ अशी ओळ असते (न म्हणजे आरएसएत घेतलेल्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार). ती तुझ्या पेपरात असेल तर तुझी सिद्धता पूर्ण आहे, जाऊन बोल. ती ओळ नसेल तर सिद्धता अपुरी आहे. ३ गुण मला कमी वाटतात, मी ५ दिले असते. पण तो समासातला शेरा मात्र मोलाचा आहे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या तीन शब्दांतच आहे.

शाळेत भूमितीचं प्रमेय कसं लिहायचीस ते आठव. आधी ‘पक्ष’, मग ‘साध्य’, मग ‘सिद्धता’. पक्षात जे दिलंय ते म्हणजे तुझ्या हातातली रोकड. सिद्धता लिहायची म्हणजे ही रोकड खर्च करत साध्यापर्यंत पोचायचं. जमाखर्च जुळला पाहिजे. पक्षातली एखादी अट कुठेच खर्च झाली नाही, तर एक तर ती अट नको होती किंवा तुझं काहीतरी निसटलं. आणि पक्षात नसलेली अट तू वापरलीस, तर ती उधारी झाली. तुझ्या सिद्धतेत ‘सहमूळ’ ही उधारी होती. तू ओळी पाठ केल्यास, पण कुठल्या ओळीत कुठली अट खर्च झाली हे कधी पाहिलं नाहीस. म्हणून कागद कोरा राहतो. याचा हुशारीशी संबंध नाही, ही सवय आहे आणि ती लावून घेता येते.

आता हे याच प्रमेयावर करून दाखवते. अक्षरं मी मराठीतच घेते. प आणि फ या दोन मूळ संख्या, न हा त्यांचा गुणाकार, स म्हणजे संदेश, क हा कुलूप लावणारा घातांक, ख हा उघडणारा घातांक. ^ हे चिन्ह घातासाठी. कुलूप लावायचं म्हणजे स चा क वा घात काढून न ने भागायचं आणि बाकी ठेवायची. उघडायचं म्हणजे त्या बाकीचा ख वा घात काढून पुन्हा न ने भागायचं. क आणि ख असे निवडायचे की क×ख ला (प−१)(फ−१) ने भागल्यावर बाकी १ उरेल.

लहान आकडे घेऊ. प = ५, फ = ११, न = ५५, (प−१)(फ−१) = ४०. क = ७ घेऊ. ख कसा काढायचा? इथे बरीच मुलं १, २, ३ करत तपासत बसतात. ४० साठी ते चालतं, पण ६०० अंकी संख्येसाठी नाही. मसावि काढण्याची जी भागाकार पद्धत तू शाळेत शिकलीस, तीच इथे कामाला येते:

४० = ५×७ + ५
७ = १×५ + २
५ = २×२ + १

बाकी १ आली, म्हणजे ४० आणि ७ सहमूळ आहेत. आता उलट चढत जायचं. १ = ५ − २×२. त्यातल्या एका २ च्या जागी ७ − ५ ठेव: १ = ३×५ − २×७. मग ५ च्या जागी ४० − ५×७ ठेव: १ = ३×४० − १७×७. म्हणजे ७ ला −१७ ने गुणलं की ४० च्या हिशेबात, म्हणजे ४० ने भागल्यावर, १ उरतो. −१७ मध्ये ४० मिळवले की २३. तपासून बघ: ७×२३ = १६१ = ४×४० + १. तर ख = २३. इथे ऋण चिन्ह आलं की मुलं घाबरतात आणि गणित पुन्हा पहिल्यापासून करतात. ते चिन्ह चूक नसतं. न घाबरता ४० मिळवायचे.

या रीतीला आपल्याकडे कुट्टक म्हणत. आर्यभटीयात (इ. स. ४९९) ती आहे आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) कुट्टकावर स्वतंत्र प्रकरणच आहे. भागाकार एकाखाली एक मांडून जी ‘वल्ली’ करायची, ती आपल्या गणितात ५, १, २ अशी होईल. शब्दही ओळखीचा आहे. दाण्याचा कूट करताना जसं कुटून बारीक करत जातो, तशा मोठ्या संख्या कुटून बारीक करायच्या. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. आपल्या खानदेशात जे शिकवलं जावं म्हणून आठशे वर्षांपूर्वी मठ निघाला, त्यातली एक रीत आज कुलपाच्या किल्ल्या घडवते. वर्गात हे सांगताना मला दरवर्षी मनापासून आनंद होतो.

आता मूळ मुद्दा. दरवर्षी हा भाग आला की मी ० ते ५४ या संख्या हजेरी क्रमांकाप्रमाणे मुलांना वाटते आणि एकच काम देते: आपल्या संख्येचा ४० वा घात काढून ५५ ने भागल्यावर बाकी काय येते ते फळ्यावर लिहा. काम वाटतं तितकं मोठं नाही, कारण वर्ग करत जायचं असतं. समज, तुझ्या वाट्याला ५ आला. ५^२ = २५. ५^४ म्हणजे ६२५, बाकी २०. ५^८ म्हणजे २०×२० = ४००, बाकी १५. ५^१६ म्हणजे २२५, बाकी ५. ५^३२ म्हणजे २५. आणि ४० = ३२ + ८, म्हणून २५×१५ = ३७५, बाकी ४५.

फळा भरत जातो. १, १, १, १... मग कुणीतरी ४५ लिहितं. मागून आवाज येतो, ‘चुकलं!’ ते पोर बिचारं पुन्हा मांडतं, पुन्हा ४५. मग कुणाचे ११ येतात. शेवटी मोजलं की फळ्यावर ४० वेळा १, १० वेळा ४५, ४ वेळा ११ आणि एकदा ० असतो. गणित कुणाचंच चुकलेलं नसतं. ४५ कुणाचे आले? ज्यांच्या वाट्याला ५, १०, १५ असे ५ च्या पाढ्यातले आकडे आले होते त्यांचे. ११ कुणाचे? ११, २२, ३३, ४४ वाल्यांचे. हे १४ आणि ० मिळून १५ आकडे ५५ शी सहमूळ नाहीत. ऑयलरचं प्रमेय ‘४० व्या घाताची बाकी १’ असं सांगतं, पण फक्त सहमूळ संख्यांसाठी. तुझ्या सिद्धतेतली दुसरी ओळ ‘स^४० ची बाकी १’ अशा अर्थाची होती. ती ५५ पैकी १५ संदेशांसाठी सरळ खोटी आहे. ‘सहमूळ नसेल तर?’ या शेऱ्याचा अर्थ हा.

आता गंमत बघ. संदेश ५ घेऊ. कुलूप लावू: ५^७ = ७८१२५, ५५ ने भागून बाकी २५. उघडू: २५^२३. कॅल्क्युलेटर नको. २५^२३ ला ५ ने भाग जातोच. ११ च्या हिशेबात २५ म्हणजे ३, आणि ३^५ = २४३ म्हणजे बाकी १. म्हणून ३^२३ म्हणजे ३^३ = २७, म्हणजे ५. तर ५ ने नि:शेष भाग जाणारी आणि ११ ने भागल्यावर ५ उरणारी ५५ पेक्षा लहान संख्या कोणती? ५. संदेश जसाच्या तसा परत आला!

ऑयलरचं प्रमेय लागू नसताना हे कसं झालं? ४५×५ = २२५, बाकी ५. म्हणजे ४५ हा १ नाही, पण ५ शी गुणाकार करताना तो १ सारखा वागतो. आपल्याला स^४० ची बाकी १ हवीच नव्हती. स^४१ ची बाकी स हवी होती. तू गरजेपेक्षा जास्त मागितलंस आणि ते सगळीकडे मिळणारं नव्हतं. सिद्धता अडते तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं. म्हणून माझा पहिला सल्ला असा की साध्य नेमकं काय मागतं ते व्याख्या उघडून लिही, त्याहून जास्त मागू नकोस.

उघडून लिहू.

पक्ष: प आणि फ वेगवेगळ्या मूळ संख्या आहेत, न = प×फ, आणि क×ख = १ + ट(प−१)(फ−१), जिथे ट ही पूर्ण संख्या आहे. स ही ० ते न−१ मधली कोणतीही संख्या.

साध्य: स^(क×ख) ला न ने भागल्यावर बाकी स उरते. म्हणजेच स^(क×ख) − स या वजाबाकीला न ने नि:शेष भाग जातो.

ही ‘म्हणजेच’नंतरची ओळ लिहिलीस की कागद कोरा राहत नाही. आता आपल्याला फक्त एका भागाकाराबद्दल बोलायचं आहे. न ने भाग जातो हे दाखवायचंय, आणि न म्हणजे प×फ. मग आधी प ने जातो का ते पाहू. फळ्यावर जो घोळ झाला तो न संयुक्त असल्यामुळे. ५५ च्या हिशेबात संख्या ‘अर्धवट’ सामाईक असू शकते. मूळ संख्येच्या हिशेबात असं अर्धवट काही नसतं. एक तर प ने स ला भाग जातो, नाही तर प आणि स सहमूळ असतात. तिसरी शक्यता नाही. म्हणून काम प आणि फ मध्ये विभागायचं. पुस्तकात ही पायरी आकाशातून पडल्यासारखी येते, पण तिला हे असं कारण आहे.

प्रकार एक: प ने स ला भाग जातो. मग स^(क×ख) लाही जातो, आणि वजाबाकीलाही जातो. संपलं.

प्रकार दोन: प ने स ला भाग जात नाही. मग फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार स^(प−१) ची प ने भागून बाकी १. आता स^(क×ख) = स × (स^(प−१))^(ट(फ−१)). कंसातली बाकी १, तिचा कितवाही घात १, म्हणून एकूण बाकी तीच जी स ची. वजाबाकीला प ने भाग जातो.

फ साठी हेच शब्दशः. शेवटी, वजाबाकीला प नेही भाग जातो आणि फ नेही, आणि प, फ सहमूळ आहेत, म्हणून प×फ नेही जातो. सिद्धता पूर्ण.

शेवटचं वाक्य घाईने लिहिलं जातं, म्हणून तिथे थांबते. १२ ला ४ ने भाग जातो, ६ ने जातो, पण २४ ने जात नाही. तेव्हा ‘दोघांनी जातो म्हणून गुणाकाराने जातो’ हे नुसतं म्हणून चालत नाही. सहमूळ असणं तिथे खर्च होतं. कसं? मघाचीच कुट्टकाची रीत बघ. प आणि फ सहमूळ असतील तर प×य + फ×र = १ असे पूर्णांक य, र मिळतात. ५ आणि ११ साठी: ११ − २×५ = १. वजाबाकीला व म्हणू. दोन्ही बाजूंना व ने गुण: व = व×प×य + व×फ×र. पहिल्या पदात व ला फ ने भाग जातो आणि शेजारी प उभाच आहे. दुसऱ्यात व ला प ने भाग जातो आणि शेजारी फ आहे. दोन्ही पदांना प×फ ने भाग जातो, म्हणून व लाही. ज्या ओळीने किल्ली मिळाली, त्याच ओळीने सिद्धतेचा शेवट झाला.

आता जमाखर्च लावू. प आणि फ मूळ असणं फर्माच्या प्रमेयात खर्च झालं. क×ख ची अट घातांक फोडताना. वेगवेगळे असणं शेवटच्या पायरीत. हे शेवटचं खरंच लागतं का? अट काढून बघायची, हा माझा नेहमीचा उद्योग. प = फ = ५ घे, न = २५. सहमूळ संख्यांसाठी ऑयलरच्या प्रमेयाला इथे २० हा घात लागतो. क = ३, ख = ७ घेतले तर गुणाकार २१, म्हणजे २० ने भागून बाकी १, सगळं ठीक दिसतं. संदेश ५ पाठव. ५^३ = १२५, बाकी ०. शून्यातून ५ परत कसा आणणार? संदेश गेला. आणि ‘स हा न पेक्षा लहान’ ही अट? ती साध्याच्या पहिल्या वाक्यात खर्च होते. ५५ च्या कुलपात ६० टाकलास तर परत ५ येतील, कारण बाकी तेवढंच लक्षात ठेवते. परीक्षेत हे वाक्य लिहिणारी मुलं फार कमी असतात. ज्यांनी लिहिलंय त्यांच्या पेपरात मी बरोबरची खूण जरा मोठी करते.

फर्माचं प्रमेयही उधार का घ्यायचं, तेही पाहून घे. ११ ही मूळ संख्या, आणि आपली संख्या ३. ३ चा पाढा १० पर्यंत म्हण आणि प्रत्येक वेळी ११ ने भागून बाकी लिही: ३, ६, ९, १, ४, ७, १०, २, ५, ८. १ ते १० सगळे आले, प्रत्येक एकदाच, फक्त रांग बदलली. म्हणून या दहा पदांचा गुणाकार ११ च्या हिशेबात १×२×...×१० एवढाच. पण पाढ्याकडून पाहिलं तर तो ३^१० × (१×२×...×१०) आहे. दोन्हीकडचा सामाईक गुणाकार काढून टाकला की ३^१० ची बाकी १. ‘काढून टाकला’ म्हणताना सावध राहा. १० च्या हिशेबात २×१ आणि २×६ यांची बाकी सारखीच येते, पण १ आणि ६ सारखे नाहीत. काटछाट करायला परवानगी लागते, आणि ती ११ मूळ असल्यामुळे मिळते. १ ते १० पैकी कुणालाच ११ ने भाग जात नाही, म्हणून त्यांच्या गुणाकारालाही जात नाही. पाढ्यात बाक्या पुन्हा येत नाहीत, यामागेही हीच परवानगी आहे. फर्माने हे १६४० मध्ये एका पत्रात सिद्धतेशिवाय लिहिलं. ऑयलरने १७३६ मध्ये सिद्धता मांडली, आणि त्याचं व्यापक रूप १७६३ मध्ये छापलं. तू पेपरात वापरलंस ते हे १७६३ वालं. गरज मात्र १६४० वाल्याचीच होती!

आता पेपर तपासताना सारख्या दिसणाऱ्या काही चुका सांगते. तुझ्या त्या पाच ओळींत पहिली चूकही असावी, असं मला वाटतं.

पहिली चूक म्हणजे साध्यापासून सुरुवात करणं. ‘स^(क×ख) = स, म्हणून..., म्हणून ० = ०, सिद्ध झाले.’ असं उलट चालून १ = २ सुद्धा सिद्ध करता येतं, दोन्ही बाजूंना ० ने गुणलं की झालं. कच्च्या कागदावर साध्यापासून मागे येणं चांगलंच. मी स्वतः तसंच करते. पण पक्क्या कागदावर उतरवताना दिशा पक्षाकडून साध्याकडे हवी. कच्चा आणि पक्का असे दोन कागद ठेवणं हीच मी मुलांना पहिल्या तासाला लावते ती सवय.

दुसरी, विरोधाभासाचा अतिवापर. ‘समजा विधान खोटे आहे’ असं लिहायचं, मग मधे सरळ सिद्धता लिहायची, आणि शेवटी ‘हा विरोधाभास आहे’. अशा उत्तरातली पहिली आणि शेवटची ओळ मी खोडते आणि उरलेल्या भागाला पूर्ण गुण देते. विरोधाभास तिथे वापरावा जिथे ‘नाही’ सिद्ध करायचंय: वर्गमूळ २ परिमेय नाही, मूळ संख्या मोजक्या नाहीत. त्या दुसऱ्या सिद्धतेतही एक गैरसमज फार पसरलेला आहे. मूळ संख्यांचा गुणाकार करून १ मिळवला की नवी मूळ संख्या मिळते, असं मुलं लिहितात. २×३×५×७×११×१३ + १ = ३००३१, आणि ते ५९×५०९ आहे. युक्लिडचं म्हणणं एवढंच आहे की या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक तुझ्या यादीत नसतो.

तिसरी, व्यत्यास. प्रमेय खरं म्हणून व्यत्यास खरा, हे भूमितीत चालत नाही तसं इथेही चालत नाही. मूळ संख्येसाठी २^(प−१) ची बाकी १ येते (प = २ सोडून). म्हणून बाकी १ आली की संख्या मूळ? ३४१ घे. २^१० = १०२४ = ३×३४१ + १, बाकी १. म्हणून २^३४० ची बाकीही १. पण ३४१ = ११×३१. ५६१ तर आणखी चकवते. तिच्याशी सहमूळ असलेली कुठलीही संख्या घेतलीस तरी ५६० व्या घाताची बाकी १ येते, आणि ५६१ = ३×११×१७. अशा संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. मूळ आहे की नाही हे झटपट आणि नक्की, दोन्ही, सांगणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. तिचं मूळही फर्माच्या प्रमेयातच आहे. फक्त संख्यांऐवजी बहुपदी घेतल्या, तेव्हा व्यत्यासही खरा ठरला.

इंडक्शनबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणून एवढंच सांगते: ‘न साठी खरं, म्हणून न+१ साठी’ लिहिताना आधीचं गृहीतक कुठल्या ओळीत वापरलं त्याखाली रेघ मार. रेघ मारायला जागा सापडली नाही तर ते इंडक्शन नाही.

तुझ्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य होतं: ‘हे सिद्ध झालं म्हणजे आरएसए सुरक्षित आहे हे सिद्ध झालं ना?’ नाही. हे अगदी स्पष्ट समजून घे, कारण नोकरीत हेच लागेल. आपण सिद्ध केलं ते इतकंच की योग्य किल्लीने कुलूप उघडतं. चुकीच्या माणसाला ते उघडता येत नाही, हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. न चे अवयव पाडणं अवघड आहे हा अनुभव आहे, प्रमेय नाही. आणि आरएसए फोडायला अवयव पाडावेच लागतात, हेही सिद्ध नाही. क्लिफर्ड कॉक्सने १९७३ मध्ये ब्रिटनच्या गुप्तलेखन खात्यात हीच कल्पना मांडली होती, ती १९९७ पर्यंत गुप्त राहिली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे ती शोधली. तेव्हापासून लोक अवयव पाडायला झटताहेत. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयव पाडले गेले. आज नेहमी वापरतात ती २०४८ बिटांची संख्या ६१७ अंकी असते. क्वांटम संगणक पुरेसा मोठा झाला तर शोरच्या १९९४ च्या रीतीने हे कुलूप उघडेल, हे मात्र प्रमेयाइतकं पक्कं आहे.

आणखी एक. पुस्तकातलं आरएसए जसंच्या तसं कुठे वापरू नकोस. संदेश ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच असेल, तर क आणि न जाहीर असतात. चोर दोन्ही संदेशांना स्वतः कुलूप लावून बघेल आणि कुठलं जुळतं ते ओळखेल. म्हणून खऱ्या वापरात संदेशात आधी यादृच्छिक भर घालतात, त्याला पॅडिंग म्हणतात.

मग सहमूळ नसलेल्या संदेशाची एवढी काळजी कशाला, असं तुला वाटेल. वापरात खरंच नाही. ५५ मध्ये असे १५ संदेश होते. २०४८ बिटांच्या न मध्ये असा संदेश योगायोगाने मिळण्याची शक्यता म्हणजे एकावर तीनशेच्या वर शून्यं लिहावीत, तितक्यांत एखादा. आणि मिळालाच तर त्याचा न बरोबर मसावि काढायचा, प किंवा फ हातात येतो, कुलूपच संपलं. म्हणून काही लोक म्हणतात की तो प्रकार सोडून द्या. मला ते पटत नाही. ‘नेहमी’ असं साध्यात लिहिलं असेल तर नेहमी दाखवावं लागतं. आणि ते दाखवताना काम प आणि फ मध्ये विभागण्याची जी युक्ती मिळते, तीच पुढे चिनी शेष प्रमेयात लागते. उघडण्याचं गणित वेगाने करायलाही तीच वापरतात: प आणि फ च्या हिशेबात वेगवेगळं काम करून शेवटी जोडायचं. २५^२३ काढताना आपण तेच केलं.

आता तुझ्यासाठी काम. तीन मूळ संख्या घे: न = ३×५×७ = १०५. (३−१)(५−१)(७−१) = ४८. क = ५, ख तूच कुट. संदेश १० ला कुलूप लावल्यावर ४० यायला हवेत. उघडल्यावर १० परत येतात का ते हाताने बघ. मग वरची सिद्धता तीन मूळ संख्यांसाठी लिही, आणि प्रत्येक ओळीशेजारी कुठली अट खर्च झाली ते पेन्सिलीने लिही. नंतर न = १२ घे, क = ख = ३ (सहमूळ संख्यांसाठी इथे ४ व्या घाताची बाकी १ येते आणि ३×३ = २×४ + १), संदेश २. तो परत येत नाही, ८ येतात. सिद्धतेची नेमकी कुठली ओळ तिथे मोडते ते शोधून मला लिही. तुझ्या जुन्या पाच ओळीही सोबत पाठव, दोन्ही शेजारी ठेवून बघू.